जडाचें मोल

सुताराच्या दुकानावरून जातांना लांकूड कापण्याचा जो तीक्ष्ण, उंच स्वर कानीं पडतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आंत डोकावून पाहिलें तर बहुधा असें दिसतें कीं, हातांत धरावयाची चक्री करवत उलटी करून ती एका प्लायवुडच्या फळीखालीं पक्की केली आहे, फळीच्या फटींतून तिचें पातें वर आलें आहे, आणि कारागीर मोकळ्या बोटांनीं लांकूड त्यावर ढकलीत आहे. पात्यावर झांकण नाहीं, पात्याच्या मागें रक्षणासाठीं कांहीं नाहीं. काम मात्र होतें. आपल्या घरांतील कित्येक कपाटें आणि फडताळें अशाच फळ्यांवर जन्मलेलीं आहेत. मग जें काम एवढ्याशा साधनानें होतें, त्यासाठीं दोनशें-अडीचशें किलो वजनाचें करवतयंत्र विकत घेण्याचा, वाहून आणण्याचा आणि घरीं बसविण्याचा खटाटोप एखाद्या गृहस्थानें कां करावा?

लांकूडकामाचा छंद असणारीं माणसें आतां शहरांतून पुष्कळ आढळतात, आणि त्यांपैकीं अनेकांच्या मनांत हें यंत्र घोळत असतें. आजचें भाषण त्यांच्यासाठीं तर आहेच; परंतु त्यांच्या घरच्या मंडळींसाठींहि आहे. कारण यंत्र एकाच्या हौसेनें येतें. त्याला जागा मात्र सर्वांनीं द्यावयाची असते.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय तें सांगतों. याला इंग्रजी नांवानेंच कॅबिनेट टेबल सॉ असें म्हणतात. वर बिडाचें एक सपाट मेज असतें आणि खालीं पोलादी पत्र्याची बंद पेटी असते. पेटीच्या पोटांत मोटर, पट्टे आणि पात्याचा आंस असतो. पेटीच्या बाहेर दोन हातचाकें असतात. एक फिरविलें कीं पातें वरखालीं होतें आणि दुसरें फिरविलें कीं तें कलतें. पूर्वींच्या बहुतेक यंत्रांत तिरपा काप घ्यावयाचा तर मेजच कलवावें लागे, व त्यावरचें लांकूड घसरूं लागे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिलवॉकी शहरच्या डेल्टा कंपनीनें युनिसॉ या नांवाचें यंत्र बाजारांत आणिलें. त्यांत मेज स्थिर राहून पातें कले. आज जगभर विकल्या जाणाऱ्या या जातीच्या यंत्रांची ठेवण पुष्कळशी त्याच घराण्यांतली आहे.

या ठेवणींत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. हलक्या यंत्रांत पात्याचा सगळा सांगाडा बहुधा मेजाच्या पोटाला टांगलेला असतो. जड यंत्रांत तो पेटीला घट्ट बसविलेला असतो आणि मेज त्यावर वेगळें ठेविलेलें असतें. त्यामुळें मेजाचे बोल्ट सैल करून तें केंसभर इकडे-तिकडे सरकवितां येतें आणि पात्याशीं अचूक जुळवितां येतें. याचें महत्त्व पुढें कळून येईल.

आतां वजनाविषयीं. दहा इंचांचें, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचें पातें मिनिटाला ४००० फेरे घेऊं लागलें, म्हणजे त्याच्या कडेवरचा प्रत्येक दांता ताशीं सुमारें १९० किलोमीटर वेगानें धांवत असतो. महामार्गावर मोटारीला जी गति शोभेल, तिच्या ही जवळजवळ दुप्पट झाली. एवढ्या गतीनें फिरणारी वस्तु हलक्या सांगाड्यांत बसविली, तर सांगाडा थरथरतो. सांगाडा थरथरला कीं पातें थरथरतें, आणि लांकडावर दांत्यांच्या खुणा उमटतात. बिडाचा जड गोळा ही थरथर गिळून टाकतो. शिवाय आठ फूट लांबीची जड फळी पुढें ढकलतांना हलकें यंत्र स्वतःच मागें सरकूं पाहतें. जड यंत्र जागचें हलत नाहीं. तात्पर्य, जडपणा हा या यंत्राचा दोष नसून तोच त्याचा मुख्य गुण आहे. मात्र हा गुण उतावळ्याच्या पदरीं पडत नाहीं. खरेदी, वाहतूक आणि बसवणूक अशा तीन पायऱ्या चढल्यावर तो हातीं येतो. पहिल्या पायरीवर घाई केली तर पैसा जातो, दुसरीवर पाठ जाते, आणि तिसरीवर बोट जातें.

पहिली पायरी खरेदीची. नवें यंत्र महाग असतें, म्हणून बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यांतील जुनें यंत्र पाहावयास पुष्कळ जण जातात. आणि तें योग्यहि आहे, कारण बीड वयानें थकत नाहीं. पाहावयास जातांना एक विजेरी, एक लांब सरळ पोलादी पट्टी आणि एक गुण्या बरोबर असावा. मेजावर तांबूस गंज दिसला तर बिचकूं नये. वरवरचा गंज तेल आणि बारीक घांसकागद यांनीं निघून जातो. परंतु बिडाला गेलेली चीर किंवा वेल्डिंगनें सांधल्याची खूण दिसली, तर किंमत कितीहि कमी असो, परत फिरावें. सरळ पट्टी मेजावर उभी, आडवी व तिरपी ठेवून तिच्याखालून विजेरीचा उजेड किती येतो तें पाहावें. वीज बंद असतांना पात्याचा आंस हातानें फिरवावा. तो गुळगुळीत फिरला पाहिजे, करकरतां कामा नये. मग तो धरून वरखालीं हलवून पाहावा. किंचितहि खेळ जाणवला तर बेअरिंगें बदलावीं लागतील असें समजावें. बेअरिंगें बदलणें अवघड नाहीं, पण तो खर्च किंमतींतून वजा झाला पाहिजे. दोन्ही हातचाकें शेवटपर्यंत फिरवून पाहावींत. बहुधा आंत लांकडाचा भुसा घट्ट बसलेला असतो. तो दोष नव्हे, ती निव्वळ अस्वच्छता होय.

त्यानंतर मोटरवरची धातूची पाटी वाचावी. कारखान्यांतील मोटर बहुधा तीन फेजची, ४१५ व्होल्टवर चालणारी असते. आपल्या घरांत बहुधा एकच फेज आणि २३० व्होल्ट असतात. असें यंत्र स्वस्त मिळण्याचें खरें कारण पुष्कळदां हेंच असतें. अशा वेळीं तीन फेजची जोडणी मागावी लागेल, किंवा मोटर बदलावी लागेल, आणि तो खर्च आधींच हिशेबांत धरावा. यंत्र अमेरिकेंतून आलेलें असेल तर त्याची मोटर सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेसाठीं बनविलेली असते; आपली वीज ५० आवर्तनांची आहे. व्होल्ट जुळले तरी तशी मोटर येथें एकषष्ठांश मंद फिरते. शेवटीं दोन सुटे भाग मागून घ्यावेत. एक, लांकूड टेकवून सरकविण्याची लांब पट्टी, जिला फेन्स म्हणतात. आणि दुसरा, पात्याच्या मागें उभी राहणारी पातळ पोलादी पाती, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ही दुसरी वस्तु जुन्या यंत्रांतून बहुतेक वेळां हरवलेली असते, किंवा मूळचीच नसते. ती कां हवी तें पुढें सांगतों.

दुसरी पायरी वाहतुकीची. अडीचशें किलो हा आंकडा ऐकून “चार माणसें बोलावूं” असें कोणीहि सहज म्हणेल. परंतु थोडा हिशेब करूं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९६७ सालीं भार वाहण्याविषयीं जी शिफारस केली, तींत प्रौढ पुरुषानें वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरिली आहे. त्या मानानें येथें पांच माणसें हवींत. पण अर्धा मीटर रुंदीच्या पेटीभोंवतीं पांच माणसांना नीट हात घालावयास जागाच नसते. त्यांतून जिना असला, तर भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. खालच्या माणसावर तो अधिक येतो. ओझीं वाहणाऱ्यांच्या कष्टांची दखल आपल्या महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा करून घेतली, आणि त्यामागें अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचें बळ होतें. हमालाची पाठ ही स्वस्तांतली यारी नव्हे, एवढें तरी त्या इतिहासावरून आपण शिकलें पाहिजे.

तेव्हां उचलण्याऐवजीं उतरवावें, सरकवावें आणि ढकलावें. प्रथम पातें काढून पुठ्ठ्यांत गुंडाळावें. मग फेन्स आणि तिचे रूळ काढावेत. मेजाच्या दोन्ही बाजूंस बिडाचे जे पंख असतात ते सोडवावेत. एकेक पंख पंधरा-वीस किलोंचा असतो, म्हणून शेवटचा बोल्ट काढतांना दुसऱ्या माणसानें तो खालून धरिलेला असावा. शक्य तर मोटरहि उतरवावी. मधलें मेज काढावयाचें झालें, तर मेज आणि पेटी यांच्यामध्यें कोठें पत्र्याच्या पातळ चकत्या घातल्या आहेत काय तें पाहून, कोणती चकती कोणत्या कोपऱ्याची हें लिहून ठेवावें. त्या केरांत गेल्या तर पुढें मेज समपातळींत आणतांना दोन दिवस जातात. प्रत्येक सांध्याचें छायाचित्र घ्यावें आणि बोल्ट निरनिराळ्या पुड्यांत बांधून वर नांव घालावें.

पेटी अरुंद आणि उंच असते व बिडाचा भार तिच्या माथ्यावर असतो. म्हणून मेज जागेवर असतांना ती चटकन कलंडते. हातचाकांना किंवा फेन्सच्या रुळांना धरून ती कधींहि उचलूं नये. सपाट जमिनीवर लोखंडी नळ्या खालीं घालून ती सहज लोटतां येते. पहारीनें एक कड उचलावी, नळी सरकवावी, आणि पुढें चालावें. टेंपोचा हौदा जमिनीपासून पाऊण मीटर उंच असला, आणि तीन मीटर लांबीच्या भक्कम फळ्या लाविल्या, तर उताराच्या दिशेनें भाराचा चौथा हिस्सा, म्हणजे अडीचशेंपैकीं सुमारें साठ-बासष्ट किलो एवढाच ओढ लागतो. घर्षण चढतांना त्यांत भर टाकतें व उतरतांना आपल्याला साहाय्य करतें. मात्र उतारावर नळ्या मुळींच घालूं नयेत, कारण मग भार आपल्या ताब्यांत राहत नाहीं. दोरखंडाचा एक वेढा भक्कम खांबाला देऊन, दोर हळूहळू सैल सोडीत यंत्र उतरवावें. आणि एक नियम सर्वांना आधींच सांगून ठेवावा: भाराच्या खालच्या बाजूस कोणीहि उभें राहावयाचें नाहीं, आणि यंत्र पडूं लागलेंच तर तें धरावयास कोणी धांवावयाचें नाहीं. बीड फुटलें तर पैशांचें नुकसान होतें. पाय फुटला तर त्याची भरपाई कोठून आणावी?

घरचीं मापें यंत्र आणण्याआधीं घ्यावींत. अशा यंत्राचें मेज पुढून मागें साधारण ६८-६९ सेंटिमीटर असतें; म्हणजे पंख काढल्यावर तें बहुतेक दारांतून जातें, परंतु माप चौकटीच्या आंतल्या बाजूनें घ्यावें. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार पसरेल असें भारतीय मानकांत धरिलेलें आहे. अडीचशें किलोंची पेटी पाव चौरस मीटर जागेवर उभी राहते, आणि तिच्याभोंवतीं लांकडाचे ढीग व माणसें असतात. म्हणून वरच्या मजल्यावर यंत्र ठेवण्यापूर्वीं इमारतीच्या अभियंत्याचें मत घेणें हें केवळ सौजन्य नव्हे, तें कर्तव्य आहे. तळमजला आणि सिमेंटची जमीन, हेंच या पाहुण्याचें खरें बिऱ्हाड होय. आठ फुटी प्लायवुड कापावयाचें असेल, तर पात्याच्या पुढें आठ फूट आणि मागें आठ फूट मोकळी जागा लागते. एवढी जागा जेथें नाहीं, तेथें हें यंत्र अडगळ होऊन बसेल. त्यापेक्षां चांगली हातकरवत आणि रांधा यांवर अधिक सुरेख काम होईल.

तिसरी पायरी बसवणुकीची; आणि येथें घाई सर्वांत महाग पडते. यंत्र जमिनीवर डुगडुगतां कामा नये. ज्या कोपऱ्याखालीं पोकळी असेल तेथें पाचर घालावी. तीन अश्वशक्तींची मोटर २३० व्होल्टवर पंधरा अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, आणि सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट घेते. म्हणून तिच्यासाठीं मुख्य फलकापासून वेगळी तार, वेगळा स्वयंचलित खटका आणि उत्तम अर्थिंग असावें. हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें. स्टार्टर असा असावा कीं, वीज गेली असतां तो आपोआप सुटेल आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याखेरीज यंत्र चालूं होणार नाहीं. जेथें अवचित वीज जाते आणि अवचित येते, तेथें या एका गोष्टीनें हात वांचतो. जोडणी झाल्यावर पातें न बसवितां यंत्र क्षणभर चालवून आंस कोणत्या दिशेनें फिरतो तें पाहावें. वरच्या बाजूला दांते आपल्याकडे यावयास हवेत. तीन फेजची मोटर उलटी फिरत असेल, तर वायरमन दोन तारांची अदलाबदल करून ती सुलट करील.

मग यंत्राचा प्लग काढून जुळणी करावी. मेजावर पुढून मागें एक खांच असते. पात्याच्या एका दांत्यावर खूण करावी, तो दांता पुढें आणून खांचेपासून त्याचें अंतर मोजावें. नंतर पातें फिरवून तोच दांता मागें नेऊन पुन्हां मोजावें. दोन्ही अंतरें जुळलीं पाहिजेत. फार तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरक चालेल. अधिक फरक असेल तर मेजाचे बोल्ट सैल करून, लांकडी हातोडीनें मेज हलकेंच ठोकून सरकवावें, बोल्ट आवळावेत, आणि पुन्हां मोजावें. कारण आवळतांनाहि मेज सरकतें. पुढें फेन्स त्याच खांचेशीं समांतर करावी, पातें मेजाशीं काटकोनांत आणावें, आणि शेवटीं मागची पोलादी पाती पात्याच्या रेषेंत बसवावी.

हा सगळा कंटाळवाणा उद्योग कशासाठीं? पात्याचे पुढचे दांते लांकडाला खालीं मेजावर दाबतात. मागचे दांते मेजांतून वर उसळत येत असतात. फेन्स मागच्या बाजूस पात्याकडे झुकलेली असेल, किंवा लांकूड कापलें जातांना आपल्याच ताणानें मिटूं लागलें, तर तें मागच्या दांत्यांवर दाबलें जातें. दांते तें उचलतात आणि कारागिराच्या दिशेनें भिरकावतात. ही क्रिया पापणी लवण्याच्या आंत होते. आणि त्या धक्क्यानें हात पात्यावर ओढला जातो, हें अधिक भयंकर. मागें उभी असलेली ती पातळ पाती कापाची फट उघडी धरते, आणि लांकडाला मागच्या दांत्यांपर्यंत पोंचूं देत नाहीं. ती आड येते म्हणून काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, एकट्या अमेरिकेंत मेजावरच्या करवतींमुळें जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षांत जाणारांची संख्या वर्षाकाठीं तीस हजारांच्या आसपास सांगितली जाते, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या जखमा पात्याच्या प्रत्यक्ष स्पर्शानें झालेल्या असतात.

या अनर्थावर एक विलक्षण उपाय निघालेला आहे. स्टीव्ह गॅस हे अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि पेटंटचे वकील. १९९९ सालीं त्यांनीं अशी युक्ति काढिली कीं, पात्यांतून एक सूक्ष्म विद्युत्‌-संकेत खेळता ठेवावयाचा. माणसाचें शरीर विद्युद्वाहक असल्यामुळें त्याचा स्पर्श होतांच संकेत बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा दांत्यांत घुसून पातें एका सेकंदाच्या दोनशेंव्या भागाच्या आंत थांबवितो. तेवढ्या अवकाशांत पात्याचा एकतृतीयांश फेरा होतो. पातें आणि ठोकळा निकामी होतात, बोटाला ओरखडा येतो. सॉस्टॉप या नांवानें अशीं यंत्रें २००४ सालापासून विक्रीस आहेत. ज्याला परवडेल त्यानें तीं अवश्य घ्यावींत. ज्याला परवडत नाहीं त्यानें मागची पाती, वरचें झांकण आणि सावध मन या तिहींपैकीं एकहि सोडूं नये. पात्याच्या नेमक्या रेषेंत उभें राहूं नये. थोडें बाजूला उभें राहावें. सैल बाह्या, अंगठ्या आणि हातमोजे घालून यंत्रापाशीं जाऊं नये. हातमोजा रक्षण करीत नाहीं, तो हाताला आंत ओढतो.

घरच्या मंडळींनीं आणखी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. लांकडाची धूळ निरुपद्रवी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ती कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातली आहे. म्हणून पेटीच्या तळाला धूळ ओढणारें यंत्र जोडावें, तोंडाला चांगला मुखपट्ट बांधावा, आणि कामाचे कपडे घरांत आणूं नयेत. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. आपल्या दमट हवेंत उघडें बीड एका रात्रींत तांबूस होतें, आणि वर भुसा राहिला तर तो ओलावा धरून ठेवतो. काम संपलें कीं मेज झाडावें, महिन्याकाठीं त्यावर मेण चोळावें आणि वर कापड घालावें. यंत्र बंद करून जातांना प्लग काढून ठेवावा, आणि खटक्याला कुलूप घालण्याची सोय असेल तर किल्ली लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी.

इतकें सगळें झाल्यावर, श्रोतेहो, हौशी माणसाला वाटतें कीं, आतां पहिला काप घ्यावा. त्याला माझी एकच सूचना आहे. कपाट, मेज, देव्हारा, जें कांहीं करावयाचें असेल तें पुढें होईलच. त्याआधीं एक फुटाचा एक लांकडी तुकडा घ्यावा, त्याच्या टोंकाला चोंचीसारखी खांच पाडावी आणि धरावयास सोयीची मूठ ठेवावी. ही लांकूड ढकलण्याची काठी. ती या यंत्रावर करूं नये. साध्या हातकरवतीनें, सावकाश, बसून करावी, आणि मग फेन्सजवळच्या खिळ्याला टांगून ठेवावी. ती जागेवर आहे असें पाहिल्यावरच यंत्राचें बटण दाबावें.